शुभवर्तमानांची तुलना करताना या चुका टाळा

डिसेंबरात वसईला किंवा गोव्याला ख्रिस्तजन्माचा देखावा पाहिलात, तर एकाच गोठ्यात गव्हाणीतलं बाळ, मेंढपाळ आणि तीन राजे दिसतात. देखावा म्हणून छानच. मूळ ग्रंथांत, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या बायबलातल्या चार शुभवर्तमानांत, मात्र मेंढपाळ आणि गव्हाणी फक्त लूककडे आहेत. पूर्वेकडचे ज्ञानी, बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा आणि इजिप्तला पलायन हे सगळं फक्त मत्तयकडे. तेही ते ज्ञानी ‘घरात’ येतात, आणि ते तीन होते असं मत्तय कुठंच म्हणत नाही. मार्क तर जन्मकथा सांगतच नाही.

सर्वांत मोठी चूक हीच: चौघांचं कालवून एक करणं. ही सवय जुनी आहे. इसवी सन 170च्या सुमारास तातियन या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानं गुंफून एकच कथा केली, आणि सिरियातल्या चर्चमध्ये ती बराच काळ वाचली जात होती. भक्तीसाठी ते चालतं. पण कोण काय म्हणतोय हे शोधायचं असेल, तर नेमका फरकच त्यात पुसला जातो.

येशूच्या मृत्यूचा दिवसच घ्या. मार्कमध्ये शेवटचं भोजन हे वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन आहे आणि वधस्तंभ त्यानंतर. योहानात वधस्तंभ वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कोकरं कापली जात त्या दिवशी. इथे लगेच ‘मग खोटं कोण बोलतं?’ असं विचारू नका. योहानाच्या पहिल्याच अध्यायात येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हटलंय, हे लक्षात घेतलं की त्या तारखेत काय अर्थ भरलाय ते दिसतं. शेवटच्या शब्दांचंही तसंच. मार्कमध्ये ‘माझ्या देवा, माझा त्याग का केलास’ असा टाहो, लूकमध्ये पित्याच्या हाती आत्मा सोपवणं, योहानात ‘पूर्ण झाले आहे’. तीन वाक्यं सलग जोडून वाचलीत, तर मार्कच्या टाहोची धारच जाते.

दुसरी चूक छापील क्रमावर विसंबण्याची. मत्तय पहिला छापलेला असला, तरी बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सर्वांत जुना, साधारण इसवी सन 70च्या आसपासचा. मत्तय आणि लूक यांनी त्याचा मजकूर समोर ठेवून लिहिलं, बऱ्याच ठिकाणी शब्दशः. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं त्याहूनही आधीची, 50च्या दशकातली. त्यामुळे ‘पौलाने शुभवर्तमानं वाचून लिहिलं’ हा समज उलटा आहे.

मत्तय, मार्क, लूक या तिघांचं जुळतं म्हणजे तीन स्वतंत्र साक्षीदार, हा निष्कर्षही मग टिकत नाही. लूक तर प्रस्तावनेतच सांगतो की आपण प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या माहितीची चौकशी करून लिहितोय. लेखकांची नावंही मजकुरात नाहीत, ती शीर्षकांतून आली. चारही नावं एकत्र ठामपणे घेणारा पहिला लेखक म्हणजे 180च्या सुमाराचा आयरेनियस.

योहानातले ‘यहूदी’ वाचताना विशेष जपा. येशू, त्याचे शिष्य, सगळे यहूदीच होते. 70 साली यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतरच्या दशकांतलं घरातलं भांडण त्या शब्दामागे आहे. त्यावरून सबंध समाजाला दोषी ठरवण्याचे परिणाम युरोपने पाहिलेत.

राहिली चर्चने ‘दडवलेल्या’ म्हणतात त्या ग्रंथांची गोष्ट. थोमाचं शुभवर्तमान 1945मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेत सापडलं. त्यात 114 वचनं आहेत. वधस्तंभाची कथा नाही. सापडलं उशिरा म्हणून ते आपोआप जास्त खरं ठरत नाही, आणि चर्चने बाजूला ठेवलं म्हणून टाकाऊही नाही. अनेक अभ्यासक ते दुसऱ्या शतकातलं मानतात, काही त्यातली काही वचनं जुनी धरतात. आणि 325च्या निकीया इथल्या बिशपांच्या परिषदेत मतदान करून ग्रंथ निवडले, हे तर निव्वळ दंतकथेतलं. त्या परिषदेच्या ठरावांत ग्रंथांची यादीच नाही. बायबलातल्या नव्या कराराच्या आजच्या 27 पुस्तकांची यादी प्रथम नेमकी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367च्या पत्रात.