जुना फ्लॅट विकून दुसरीकडे जाताय? या चुका टाळा

डोंबिवली, ठाणे, मुलुंडकडे तीस-पस्तीस वर्षं एकाच फ्लॅटमध्ये काढलेली माणसं रिटायर झाली की पहिलं काय मनात येतं, तर हा विकायचा आणि पुण्याला मुलाजवळ नाहीतर कोकणात जायचं. विचारात काही चूक नाही, घाई नडते.

गणपतीत चार दिवस राहून कोकणात घर ठरवू नका प्लीज. भाड्याने घ्या आणि जून ते सप्टेंबर तिथेच काढा, मग कळतं की लाइट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते, कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि अँजिओप्लास्टी होते असं हॉस्पिटल किती लांब आहे ते मॅपवर बघू नका, भर पावसात एकदा गाडीने जाऊन या. प्लॉट घेऊन बांधणार असाल तर आधी सातबारा बघा, शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ घेता येत नाही, एजंट म्हणेल एनए (बिगरशेती) होऊन जाईल हो काका, तर झाल्याचा कागद बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

मुलाजवळ जाताय तर त्याची नोकरी उद्या बंगलोरला गेली तर काय, हे आजच बोलून घ्या. वाकडला अकराव्या मजल्यावर दोघंच राहिलात तर दूध, मेडिकल, बँक चालत जाण्यासारखं आहे का?

आता पैशाचं. बरेच जण घर विकून सगळी रक्कम एफडीत टाकतात आणि निवांत होतात, तिथेच फसतात. नफ्यावरचा टॅक्स वाचवायचा तर तयार घर 2 वर्षांत घ्यावं लागतं, बांधायचं असेल तर 3 वर्षांत, आणि रिटर्नच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर गुंतवायची राहिलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते, साधी एफडी चालत नाही. विकून झालंय पण मुदत बाकी आहे? मग उद्याच सीएला गाठा. 2001 च्या आधीचा फ्लॅट असेल तर खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, व्हॅल्युएशन रिपोर्ट काढा. जुलै 2024 च्या नियमानंतर त्याआधी घेतलेल्या घरांना 12.5 टक्के सरळ किंवा इंडेक्सेशन (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) लावून 20 टक्के, जो टॅक्स कमी बसेल तो भरता येतो, दोन्ही हिशोब मांडून घ्या. आणि असं घेतलेलं नवीन घर 3 वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला टॅक्स परत अंगावर येतो, म्हणून तर म्हणतोय आधी भाड्याने राहून बघा, जुना फ्लॅट तोवर लीव्ह अँड लायसन्सवर द्या.

हो, आणि शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचंच नाव असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी सोसायटीत नाव बदलायचं काम उरकून घ्या, ऐनवेळी वारसांच्या सह्या गोळा करताना डील हातचं जातं.