रूट्स रेगेत लीड गिटार कशी वाजवावी

रॉक वाजवून आलेला गिटारिस्ट रेगेच्या, म्हणजे जमैकातून आलेल्या संगीताच्या, बँडमध्ये पहिल्या दिवशी हमखास माती खातो. मीही खाल्ली. कॉलेजातल्या मित्रांबरोबर जॅमिंग सुरू होतं. ए मायनर आणि डी मायनर, एवढ्या दोनच कॉर्ड. मी डोळे मिटून पेंटाटॉनिकवर, म्हणजे पाच सुरांच्या स्केलवर, सुसाट सुटलेलो. दीडेक मिनिटाने बेसवाला थांबला, "तुझं झालं की हाक मार" म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला.

त्याचं बरोबर होतं. रेगेत गाण्याची खरी धून बऱ्याचदा बेसच वाजवत असतो. लीड गिटार, म्हणजे सुरावटी आणि सोलो वाजवणारी गिटार, त्याच्या आणि गायकाच्या मधल्या फटीत राहते. आपल्याकडे गाण्यात 'जागा घेणं' म्हणतात ना, इथे ती घेण्याआधी सोडायला शिकावं लागतं.

१. आधी ठेका अंगात मुरवा

एक-दोन-तीन-चार मोजा. दोन आणि चारवर रिदम गिटारचा तुटक 'चक' येतो, त्याला स्कँक म्हणतात. तीनवर बास ड्रम आणि स्नेअरच्या कडेवरची काडी एकदम पडतात. आणि एकवर बास ड्रम नाही, स्नेअरही नाही. हाच 'वन ड्रॉप'. बॉब मार्लेच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट याच्यामुळे तो जगभर पोचला. रूपक तालात समेवरच खाली असते, हे ज्याने तबल्याच्या क्लासात हाताने दाखवलंय त्याला ही रिकामी 'एक' फार परकी वाटणार नाही.

सराव असा करा: मेट्रोनोम ७० वर लावा आणि त्याची टिकटिक 'एक-तीन'वर न धरता 'दोन-चार'वर धरा. म्हणजे तुमची खरी लय १४० झाली. पहिले काही दिवस टिकटिक उडी मारून 'एक'वर जाऊन बसते. त्रास होतो, पण इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया. आठवडाभर नुसता स्कँक वाजवा. कॉर्ड दाबा, वाजवा, बोटं लगेच सैल सोडा. लीडवाल्याला हे कशाला, असं विचारू नका. गायक गात असतो तेव्हा बहुतेक वेळ तुम्ही हेच वाजवणार आहात.

२. बेसची ओळ गिटारवर उचला

ही पायरी शिकवणीच्या व्हिडिओत फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते जमैकाच्या लीड गिटारचा गाभा इथेच आहे. १९६६च्या आसपास, रॉकस्टेडीच्या (रेगेच्या आधीच्या शैलीच्या) काळात, त्रिनिदादहून जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला आलेल्या गिटारिस्ट लिन टेट याने बेसबरोबर गिटारची ओळ जोडून वाजवायची पद्धत रुजवली. तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवून तारा अर्धवट दाबायच्या आणि बेसचीच ओळ एक सप्तक वर छेडायची. आवाज 'टुक टुक' असा येतो. त्यामुळे बेस ट्रान्झिस्टरवरसुद्धा नीट ऐकू यायचा.

करायला सोपं आहे. बेसच्या चार तारा गिटारच्या जाड चार तारांसारख्याच लावलेल्या असतात, फक्त एक सप्तक खाली. त्यामुळे बेसवाल्याची बोटं बघा आणि तेच फ्रेट धरा. तो जिथे थांबतो तिथे तुम्हीही थांबा. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते त्या थांबण्यातूनच.

३. ओळीच्या मागे बोला

हार्मोनियमवर साथ करणारा गायकाची ओळ संपेपर्यंत दबून असतो, ओळ संपली की दोन-चार सुरांत उत्तर देतो. तस्संच करायचं. एक उदाहरण हातात घ्या. ए मायनर चालू आहे. तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट धरा आणि सूर सावकाश दोन फ्रेट वर ताणा, म्हणजे डीचा ई होईल. तो तसाच धरून ठेवा. मग ताण सोडत डीवर या, त्याच तारेवर पाचव्या फ्रेटचा सी वाजवा, शेवटी चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटचा ए. चारच सूर. आता पुढची दोन आवर्तनं गप्प बसा. खरंच गप्प बसा.

पुढच्या वेळी कॉर्ड डी मायनरवर जाताना दुसऱ्या तारेवरच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे एफवर येऊन थांबा. एफ ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये नाही, म्हणूनच तो कानाला लागतो. कॉर्ड बदलली हे तुमच्या एका सुराने ऐकणाऱ्याला कळायला हवं. पेंटाटॉनिकची चौकट वर-खाली घासून ते होत नाही.

४. आवाज

मानेजवळचा पिकअप, अँपवर किंचित खरखर, थोडा स्प्रिंग रिव्हर्ब (घुमारा). १४०च्या लयीत डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) ४३० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, म्हणजे 'दोन'वर वाजवलेल्या सुराचा प्रतिध्वनी बरोबर 'तीन'वर, ड्रमच्या ठोक्यात पडेल. दोन प्रतिध्वनी पुरेत, तेही मूळ सुरापेक्षा बऱ्याच हळू आवाजात. वा-वा पेडल चालेल. जोरदार डिस्टॉर्शन मात्र स्कँक आणि ऑर्गन दोघांनाही गिळून टाकतं.

५. कुणाला ऐकायचं

यातली एक गंमत अशी की बॉब मार्लेच्या रेकॉर्डवरचे गाजलेले सोलो बरेचसे बाहेरून आलेल्यांचे आहेत. १९७३च्या 'कॅच अ फायर' अल्बमवरच्या 'काँक्रीट जंगल'मधला सोलो अलाबामाच्या वेन पर्किन्सचा. रेगे कधी न वाजवलेल्या या माणसाकडून निर्माता क्रिस ब्लॅकवेलने लंडनच्या स्टुडिओत तो नंतर वाजवून घेतला. अल अँडरसन न्यू जर्सीचा. डोनाल्ड किन्सी इंडियानातल्या ब्लूज वाजवणाऱ्या घरातला, आधी अल्बर्ट किंगच्या बँडमध्ये होता. १९७७च्या 'एक्सोडस'पासून आलेला ज्युनिअर मार्विन जन्माने किंग्स्टनचा, पण वाढला लंडनमध्ये. या सगळ्यांनी ब्लूज-रॉकचा लांब ताणलेला सूर आणला आणि पाश्चात्त्य श्रोत्याला रेगेत शिरायला ओळखीचं दार मिळालं.

मला स्वतःला त्यांच्याहून अर्ल 'चिना' स्मिथ जास्त आवडतो. किंग्स्टनच्या सोल सिंडिकेट बँडचा हा गिटारिस्ट असंख्य रेकॉर्डवर आहे, आणि पुष्कळदा तो आहे हे लक्षातच येत नाही. जॅझकडे कल असेल तर अर्नेस्ट रँगलिन ऐका, सूर किती हलक्या हाताने सुटतो ते बघा.

बसवायला घ्यायचा पहिला सोलो मात्र अँडरसनचा: 'नो वुमन, नो क्राय', जुलै १९७५, लंडनचं लायसियम, लाइव्ह. गिटार बाजूला ठेवा आणि आधी तो तोंडाने गाऊन पाठ करा, श्वास कुठे घ्यावा लागतो तिथे खूण करा. मग वाजवताना फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना बेसची ओळ गुणगुणता आली नाही, तर तुमचे अर्धे सूर काढून टाका आणि पुन्हा रेकॉर्ड करा. मला चौथ्या खेपेला जमलं.