निकाल हो-नाहीचा असेल तर इन्स्ट्रुमेंट वापरताना या चुका टाळा

नोकरी लागली की नाही, कर्ज फेडलं की नाही, असा 0-1 निकाल दिसला की हात आपोआप प्रोबिटकडे (0-1 निकालाची संभाव्यता काढणाऱ्या वक्र मॉडेलकडे) जातो. आणि कारण मानलेलं व्हेरिएबल एंडोजिनस असेल, म्हणजे त्याच्यामागे निकालावरही परिणाम करणारी न दिसणारी कारणं असतील, तर इन्स्ट्रुमेंट लागतं: त्या व्हेरिएबलला हलवणारं, पण निकालावर फक्त त्याच्यामार्फतच परिणाम करणारं काहीतरी. हे एंडोजिनस व्हेरिएबलही 0-1 असेल (प्रशिक्षण घेतलं की नाही), तर बरेच जण पहिल्या टप्प्याच्या प्रोबिटमधून (इन्स्ट्रुमेंटवरून त्या व्हेरिएबलचा अंदाज) आलेली संभाव्यता उचलतात आणि दुसऱ्या प्रोबिटमध्ये टाकतात. याला ‘फॉरबिडन रिग्रेशन’ म्हणतात ते उगाच नाही. टू-स्टेज लीस्ट स्क्वेअर्समध्ये (इन्स्ट्रुमेंटची नेहमीची रेषीय पद्धत) मूळ व्हेरिएबलच्या जागी अंदाज घालण्याची ही अदलाबदल खपते, कारण तिथे दोन्ही टप्पे रेषीय असतात. प्रोबिट वक्र आहे, तिथे हिशेब जुळत नाही.

व्हेरिएबल सलग असेल, म्हणजे उत्पन्नासारखं, तर रिव्हर्स आणि व्हुआंग यांची 1988 ची वाट धरा: मूळ व्हेरिएबल तसंच ठेवा आणि सोबत पहिल्या टप्प्याचे रेसिड्युअल (खरा आकडा वजा अंदाज) घाला. एंडोजिनिटीची चाचणी त्या रेसिड्युअलच्या टी-व्हॅल्यूवरच होते. मात्र स्टँडर्ड एररसाठी (अंदाजातली अनिश्चितता) दोन्ही टप्पे एकत्र बूटस्ट्रॅप करा, म्हणजे डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढून दोन्ही टप्पे चालवा, दुसऱ्या टप्प्याचे छापील आकडे उचलू नका. स्टॅटा या सॉफ्टवेअरमधलं आयव्हीप्रोबिट, म्हणजे इन्स्ट्रुमेंटसह प्रोबिटची कमांड, हेही सलग व्हेरिएबलसाठीच आहे. 0-1 दिलं तर ते मुकाट्याने उत्तर देतं, आणि घात तिथेच होतो.

साध्या रेषीय पद्धतीला नाक मुरडण्याचं कारण नाही. समजा प्रशिक्षणाच्या जागा लॉटरीने दिल्या. नंबर लागलेल्यांपैकी 60 टक्क्यांनी प्रशिक्षण घेतलं, न लागलेल्यांपैकी 20 टक्क्यांनी (दुसरीकडून). नोकरी लागली अनुक्रमे 50 आणि 42 टक्क्यांना. 8 भागिले 40, म्हणजे परिणाम 20 टक्के-बिंदूंचा. पण तो फक्त लॉटरीमुळेच प्रशिक्षणाकडे वळलेल्यांचा. इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांनी 1994 मध्ये हाच मुद्दा मांडला. बायप्रोबिटमधून (निकाल आणि प्रशिक्षण या दोन्हींचे प्रोबिट एकत्र सोडवणारी पद्धत) सगळ्यांवरचा सरासरी परिणाम काढलात तर आकडा वेगळा येणारच. तो प्रोग्रामचा दोष समजून कोड उसवत बसू नका. आणि प्रोबिटचा कोइफिशंट या 0.20 शेजारी तर मांडूच नका. आधी मार्जिनल इफेक्ट (संभाव्यतेत किती फरक पडतो तो आकडा) काढा.

रेषीय मॉडेलमध्ये रोबस्ट स्टँडर्ड एरर (एररचा पसारा सगळीकडे सारखा नसला तरी चालणारे) हवेतच. दोन्ही टप्प्यांत कंट्रोल (वय, शिक्षण असे इतर घटक) तेच ठेवा.

बायप्रोबिटमध्ये रो (दोन समीकरणांच्या एररमधला सहसंबंध) 1 किंवा उणे 1 ला चिकटला, तर इटरेशन वाढवण्याआधी इन्स्ट्रुमेंटचं बळ पाहा. इन्स्ट्रुमेंट काढून टाकलं तरी बायप्रोबिट उत्तर देतं, केवळ नॉर्मल वितरणाच्या गृहीतकावर. एकदा तसं चालवून बघा. उत्तर फारसं हललं नाही, तर तुमचा निष्कर्ष इन्स्ट्रुमेंटपेक्षा गृहीतकावरच उभा असण्याची शक्यता बरीच आहे.