टूजी बंद करताना आधी व्होएलटीई तपासा

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरलं की फोनवर फोरजी जाऊन बारीकसा ‘ई’ दिसायचा. हा ‘ई’ म्हणजे टूजी. त्यात टॉवर फोनची खातरजमा करतो, फोन टॉवरची करत नाही. म्हणून खोटा टॉवर उभारून फोन ओढून घेता येतो, कूटलेखनही (एन्क्रिप्शन, म्हणजे कॉल-मेसेज गुप्त ठेवणारी पद्धत) बंद पाडता येतं. ए५/१ हे ६४ बिटांच्या किल्लीचं जुनं कूटलेखन तर कधीच फुटलंय. बँकेचे ओटीपी अशा वाटेने यावेत हे मला मुळीच पटत नाही.

अँड्रॉइड १२ पासून पुढे: सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, सिम, आणि तिथे टूजीची परवानगी बंद. दोन सिम असतील तर दोन्हींवर वेगवेगळी. काही फोनांत हे बटणच नसतं, कारण मॉडेमची (फोनमधल्या नेटवर्कच्या चिपची) साथ लागते.

बंद केल्यावर इनकमिंग कॉल थांबले. कारण साधं: व्होएलटीई, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, बंद होतं, आणि ते नसलं की फोरजीवरचा फोन कॉलसाठी खाली टूजीवर उतरतो. व्होएलटीई चालू करून फोन रीस्टार्ट केला, कॉल आले. पार्किंगमध्ये आता रेंज जाते, तिथे वायफाय कॉलिंग लावलंय. आपत्कालीन कॉल मात्र टूजीवरूनही लागतो.