मुंबईत एडीएचडीची तपासणी: कुठे जायचं, काय न्यायचं, पैसे कुठे घालायचे

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चुळबुळ आणि उतावळेपणा यांचा विकार, रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. एमआरआयमध्ये नाही, ईईजीमध्येही नाही. निदान होतं ते बोलण्यातून: डॉक्टर विचारतात, तुम्ही सांगता, घरचं कुणीतरी दुजोरा देतं. म्हणून ‘ब्रेन मॅपिंग’ आणि आणखी आठ-दहा चाचण्यांचं पॅकेज कुणी पुढे केलं, तर पाकीट खिशातच राहू द्या. कॉम्प्युटरवर बटण दाबत बसायच्या लक्षाच्या चाचण्याही फार तर जोडीला असतात, निकाल त्यांच्यावर लागत नाही. पैसे मोजायचे ते डॉक्टरच्या वेळेचे, आणि तो वेळ सत्कारणी लागावा म्हणून निम्मं काम घरी उरकून जायचं.

जाण्याआधी घरी

डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या निकषांत नऊ-नऊ लक्षणांच्या दोन याद्या आहेत. एक लक्ष न लागण्याची, दुसरी चुळबुळ आणि उतावळेपणाची. मुलांमध्ये एका यादीतली किमान ६ लक्षणं लागतात, १७ वर्षं आणि त्यापुढे ५ पुरतात. ती सहा महिने तरी टिकलेली हवीत, काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त ऑफिसात लक्ष उडतं आणि घरी सगळं जागच्या जागी असतं, तर डॉक्टर आधी ऑफिसबद्दलच विचारतील.

‘माझं लक्ष लागत नाही’ हे वाक्य डॉक्टरच्या फारसं कामाचं नाही. त्याऐवजी लिहून न्या: खात्यात पैसे असूनही विजेचं बिल सलग चार महिने मुदत उलटल्यावर भरलं. साहेबांना पाठवायचं एक्सेल उघडलं आणि पाऊण तास त्यातल्या रकान्यांचे रंग बदलत बसलो, आकडे तसेच राहिले. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं आणि मग भांडण झालं. असे दहा-बारा प्रसंग एका पानावर, प्रत्येकापुढे दोन गोष्टी: किती वेळा होतं आणि त्यात काय नुकसान झालं. मोबाइल बघता बघता स्टेशन चुकणं लिहू नका, ते हल्ली सगळ्यांचंच चुकतं.

खरी अडचण बाराव्या वर्षाआधीच्या पुराव्याची. माळ्यावरची प्रगतिपुस्तकं काढा, पण गुण बघू नका, शेरे बघा. ‘हुशार पण चंचल’, ‘वही अपूर्ण’, ‘वर्गात बडबड करते’ असे शेरे सापडले की त्या पानांचे फोटो काढून ठेवा. गुण चांगले होते म्हणून एडीएचडी नसणार, हा गैरसमज कधीकधी डॉक्टरांचाही असतो. पाचवीपर्यंत आई रोज रात्री शेजारी बसून गृहपाठ करून घेत होती का, दप्तर कोण भरायचं, हे आवर्जून सांगा. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुलींकडे तर कुणाचं लक्षच जात नाही, कारण त्यांचा वर्गाला त्रास नसतो.

आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या, निदान फोनवर तरी ठेवा. ‘लहानपणी सगळीच मुलं अशी असतात’ हे उत्तर ठरलेलं आहे, तेव्हा प्रश्न नेमका विचारा: वर्षात कंपासपेट्या किती हरवायच्या? रेनकोट शाळेत किती वेळा राहायचा? चौथीतल्या बाई काय तक्रार करायच्या?

डब्ल्यूएचओची एएसआरएस ही १८ प्रश्नांची प्रश्नावली फुकट मिळते. पहिल्या ६ प्रश्नांपैकी ४ किंवा जास्त उत्तरं ठळक चौकटीत पडली, तर तपासणी करून घ्यावी एवढाच तिचा अर्थ. चिंता, नैराश्य, थायरॉइड किंवा झोपेची टंचाई असली तरीही ती तशी येऊ शकते. विरारहून पहाटेची लोकल पकडणारा माणूस पाच तास झोपत असेल, तर त्याचंही लक्ष उडणारच. म्हणून आठवडाभराच्या झोपेच्या वेळा, घोरणं, दारू, गांजा, चालू गोळ्या हे सगळं त्याच पानावर खरं खरं लिहा.

कुणाकडे आणि कोणत्या क्रमाने

आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम सायकिॲट्री झालेले डॉक्टर. चाचण्या लागल्या तर ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतील. सायकॉलॉजिस्टचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत असायला हवं, ते त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतं. उलट क्रमाने गेलात तर महागडा रिपोर्ट हातात येतो आणि पुढचे डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारतात, कारण गोळ्या सायकॉलॉजिस्टला देता येत नाहीत. काउन्सेलरचं काम समुपदेशनाचं, निदानाचं नाही.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा: मोठ्या माणसांचं एडीएचडी डॉक्टर तपासतात का? भेटी किती लागतील? सगळे मिळून पैसे किती होतील? लेखी रिपोर्टचे वेगळे पैसे आहेत का? पहिल्या प्रश्नाला ‘ते लहान मुलांना असतं’ असं उत्तर आलं, तर आभार मानून फोन ठेवा. खासगीत पहिल्या भेटीचे साधारण दीड ते चार हजार जातात. सायकॉलॉजिस्टच्या चाचण्या जोडल्या की एकूण आकडा सहज दहा-वीस हजारांवर जातो. नीट तयारी केलेल्या मोठ्या माणसाला बहुतेकदा त्या सगळ्या लागत नाहीत. आयक्यू चाचणी एडीएचडीच्या निदानासाठी गरजेची नाही. मूल अभ्यासात मागे पडत असेल तेव्हा तिचा उपयोग होतो.

पैशांची ओढाताण असेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, जुहूचं कूपर आणि भायखळ्याचं जेजे. या सगळ्यांत मानसोपचार विभाग आहे आणि केसपेपरला नाममात्र पैसे पडतात. मोजावा लागतो तो वेळ. सकाळी लवकर पोचा, अर्ध्या दिवसाची रजा टाका, पाणी आणि डबा जवळ ठेवा. आधी रेसिडेंट डॉक्टर विचारपूस करतात, मग वरिष्ठ बघतात, आणि पुढच्या खेपेला रेसिडेंट वेगळा असू शकतो. तुमचं ते एक पान इथे खरं कामी येतं: झेरॉक्स काढून केसपेपरला जोडा. ‘एडीएचडी आहे का ते तपासायचंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर झोप आणि टेन्शनच्या गोळ्या घेऊन घरी याल.

मुलांच्या बाबतीत शाळेकडूनही प्रश्नावली भरून घ्यावी लागते, म्हणून वर्गशिक्षकांशी आधीच बोला. परीक्षेतल्या सवलतींबद्दल मात्र भ्रमात राहू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (एलडी) आहे, एडीएचडी नाही. दोन्ही एकत्र असण्याचं प्रमाण बरंच असल्यामुळे एलडीची तपासणी वेगळी करून घ्या. तिला बऱ्याच खेपा लागतात, तेव्हा ती आठवीतच सुरू करा, दहावीच्या दिवाळीनंतर नव्हे.

विमा काय देतो

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांनाही विमा द्यायचं बंधन कंपन्यांवर घातलं. पण साधी पॉलिसी मुळात हॉस्पिटलात भरती झाल्यावर चालते आणि एडीएचडीची तपासणी पूर्णपणे ओपीडीची. म्हणून आपल्या पॉलिसीत ‘ओपीडी कव्हर’ आहे का आणि त्यात सायकिॲट्रिस्टची फी बसते का, एवढंच शोधा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ते कधीकधी असतं, एचआरला आजाराचं नाव न सांगताही विचारता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना भरतीच्या उपचारांसाठी आहे, इथे तिचा उपयोग नाही. ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड असेल तर त्यात ओपीडी आणि औषधंही येतात, ते वापरा.

क्लेमसाठी बिलावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही हवी, शिवाय चिठ्ठीवर निदान लिहिलेलं हवं (आयसीडी-१० या आजारांच्या संकेतांकांच्या यादीत एफ९०). निदानानंतर नवी पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्मवर ते लपवू नका. आधीपासूनच्या आजाराला फार तर ३६ महिने थांबावं लागतं, लपवलेलं उघड झालं तर भलताच क्लेम अडकतो.

गोळ्यांची चिठ्ठी

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. व्हिडिओ कॉलवर ते लिहून द्यायला २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनी बंदी आहे, त्यामुळे तपासणी ऑनलाइन झाली तरी या चिठ्ठीसाठी समोर जाऊन बसावंच लागतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक मेडिकलवाला ठेवून घेतो. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालत नाही. वेगळं लायसन्स लागत असल्याने नाक्यावरच्या दुकानात ते बहुधा मिळत नाही, कुठे मिळतं ते डॉक्टरलाच विचारून घ्या. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि वजन बघितलं जातं. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर न विचारताही सांगा. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध शेड्यूल एक्समध्ये नाही, ते मिळायला सोपं आहे, पण पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी कळतो. त्याचा साठा मधूनच संपतो, तेव्हा पाकिटात सात गोळ्या उरल्या की दुकानात फोन करायचा, असा गजर मोबाइलवर लावून ठेवा.