पॅकेज युनिकोडमध्ये नेताना या चुका टाळा

डेबियन या लिनक्स प्रणालीचा नियम सरळ आहे: पॅकेजची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याची) माहिती देणारी कंट्रोल फाइल आणि बदलांची नोंद ठेवणारा चेंजलॉग यूटीएफ-८मध्येच, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीतच, हवेत. मग जुनं पॅकेज हातात आलं की अनेकजण सगळ्या सोर्सवर आयकॉन्व्ह ही एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) बदलणारी कमांड फिरवून मोकळे होतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

लॅटिन-१ या जुन्या युरोपीय एन्कोडिंगमध्ये २५६च्या २५६ बाइट चालतात. त्यामुळे ‘लॅटिन-१मधून यूटीएफ-८ कर’ म्हटलं की आयकॉन्व्ह कधीच कुरकुर करत नाही, फाइल आधीच यूटीएफ-८ असली तरी. ‘म’चे तीन बाइट असतात, ते सहा होतात. स्क्रीनवर उमटतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं चिन्ह, मग ट्रेडमार्कवाला गोलातला आर. बिल्ड (सोर्समधून पॅकेज बनवणं) मात्र बिनबोभाट पार पडतं!

म्हणून आधी आयकॉन्व्हला फाइल यूटीएफ-८मधून यूटीएफ-८मध्येच न्यायला सांगा. निमूट गेली तर हात लावू नका. अडली तरच मूळ एन्कोडिंग शोधा. ‘फाइल’ कमांड सांगते तो निव्वळ अंदाज असतो. चेंजलॉगमधली आडनावं नीट वाचता येतात का, ते स्वतः पाहा. आणि आयकॉन्व्हला मायनस-सी हा पर्याय लावून तक्रार दाबू नका, त्याने न जुळणारे बाइट गुपचूप गाळले जातात.

मराठी सॉफ्टवेअरच्या जुन्या मदत-फाइली शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असतील, तर आयकॉन्व्हचा उपयोग शून्य. तिथे साठवलेली असतात रोमन अक्षरं, देवनागरी फक्त फॉन्ट दाखवतो. त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा आणि नंतर रफार, पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला.

‘माझ्याकडे चालतं, बिल्ड सर्व्हरवर नाही’ याचं मूळ बहुधा लोकेलमध्ये (भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगमध्ये) असतं. सर्व्हरवर लोकेल ‘सी’ असेल, तर पायथन भाषेची ३.६पर्यंतची आवृत्ती रीडमी (पॅकेजची ओळख देणारी फाइल) ॲस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग, समजून उघडते आणि ई० या बाइटवर अडकते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये याच बाइटने सुरू होतं. लोकेल सी.यूटीएफ-८ केलं की बिल्ड होतं खरं, पण ती मलमपट्टी झाली. विंडोजवर इन्स्टॉल करणारा पुन्हा आपटेल. सेटअप फाइलमध्ये रीडमी उघडतानाच एन्कोडिंग लिहा.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला बीओएम (फाइल युनिकोड असल्याची न दिसणारी खूण) राहू देऊ नका. लिनक्सला पहिली ओळ ओळखू येत नाही.

फाइलींच्या नावांचं दुखणं वेगळंच. ‘तऱ्हा’मधला ऱ एक कोड म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असे दोन. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडून ठेवते, लिनक्स दिलेले बाइट तसेच ठेवतं. मग मॅकवर बनवलेला टार (फाइलींचा गठ्ठा) लिनक्सवर उघडला की फाइल समोर असूनही मॅनिफेस्ट (पॅकेजमधल्या फाइलींची यादी) म्हणतं, ‘सापडली नाही’. तुलनेआधी दोन्ही नावं एनएफसीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या जोडलेल्या रूपात, आणा. त्याहून बरं म्हणजे पॅकेजमधली नावं साध्या ॲस्कीत ठेवा आणि मराठी मजकूर फाइलींच्या आत येऊ द्या.