या चुका टाळा: विषाणू हवेतून येतोय आणि आपण अजून हातच धुतोय

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. त्या दिवसापासून महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला आणि मुंबईने सुटकेचा निःश्वास टाकला. टाकणारच. २०० रुपये दंडाच्या धाकाने लावलेला मास्क तसाही बऱ्याच जणांच्या हनुवटीवरच असायचा. विषाणूंनी मात्र रजा घेतली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली. फ्लू पावसाळ्यात हजेरी लावतोच आणि कोविड अधूनमधून डोकं वर काढतो. टीबी विषाणूचा नाही, जिवाणूचा आजार. पण तोही हवेतूनच पसरतो आणि या शहरातून तो कधी गेलेलाच नाही.

‘आता काय त्याचं!’ म्हणणाऱ्यांवर चिडून काही होत नाही. रोज आठवणीने पाळायचे नियम लोक सोडून देतात, हे आपण पाहिलंय. खोलीची हवा एकदा नीट केली, तर कुणाच्या लक्षात असो-नसो, ती काम करत राहते. म्हणून इथे माणसांपेक्षा खोल्यांबद्दल जास्त लिहिलंय.

दारात सॅनिटायझर ठेवला की झालं

सोसायटीच्या ऑफिसात ती बाटली अजून असते, बहुधा रिकामी. हा समज वरूनच आला. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं ठणकावून सांगितलं होतं. २०२१ मध्ये भूमिका बदलली, पण ती दुरुस्ती पहिल्या घोषणेइतकी मोठ्याने कुणी ऐकवली नाही. हात धुवाच, पोटाच्या आजारांसाठी ते हवंच. पण समोरचा माणूस जी हवा सोडतोय तीच तुम्ही ओढताय, त्यावर साबणाचा इलाज नाही.

‘लांब बसलोय की!’

स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की हॉलमध्ये बसलेल्यालाही ठसका लागतो. श्वासातून आणि बोलताना बाहेर पडणाऱ्या बारीक कणांचं तसंच आहे. जवळ बसलं तर धोका जास्त, हे खरंच. पण बंद खोलीत ते कण तरंगत सगळीकडे पोचतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायनवृंदाची तालीम झाली. हजर ६१ जण, त्यातले ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. मोठ्याने गाताना कण जास्त बाहेर पडतात. गणपतीत दहा बाय बाराच्या खोलीत वीस जण टाळ्या वाजवत आरती म्हणतात, तेव्हा निदान खिडक्या तरी सताड उघड्या असू द्या.

‘एसी आहे, हवा खेळती आहे’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. घरातला, दुकानातला, क्लासमधला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा थंड करून पुन्हा तोंडावर मारतो. त्याची जाळी धुळीसाठी असते, विषाणू तिच्यातून आरामात जातो. पंख्याचंही तेच: खिडकी बंद असेल तर तो हवा नुसती ढवळतो.

खिडकी का बंद असते, हेही पाहा. बहुतेकदा कारण कबुतरं. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकात घरटं होतं, मग कुणीतरी तिथे पुठ्ठा ठोकतं आणि तो पुठ्ठा वर्षानुवर्षं राहतो. आधी तो काढा. भोकाला बाहेरून जाळी लावा, पंखा साफ करून सुरू करा आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा एकीकडून आत आली आणि दुसरीकडून बाहेर गेली तरच उपयोग. एसी चालू असताना हे केलं तर बिल थोडं वाढेल, हे मान्य. क्लासवाल्यांना ते पटत नसेल तर दोन बॅचच्या मध्ये दहा मिनिटं सगळं उघडायला सांगा. फी भरताय, सांगायचा हक्क आहे.

मीटर घेतला, पण चुकीचा

हवा किती शिळी आहे ते आपण श्वासावाटे सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर कळतं. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. आत ८००च्या खाली असेल तर ठीक. १,५०० दिसलं, तर प्रत्येक श्वासातली जवळपास तीन टक्के हवा आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते.

आकडा अगरबत्ती लावल्यावर किंवा परफ्यूम मारल्यावर उडी मारत असेल, तर तो मीटर वासावरून अंदाज बांधतोय. खोक्यावर ‘एनडीआयआर’ (इन्फ्रारेड किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा) सेन्सर लिहिलंय का ते बघून घ्या. आणि हवा गाळणारा प्युरिफायर लावूनही आकडा उतरत नाही म्हणून प्युरिफायर परत करू नका. प्युरिफायर कण गाळतो, वायू नाही.

प्युरिफायर कोपऱ्यात, सोफ्यामागे

हिवाळ्यात बाहेर बांधकामाची धूळ असते, खिडकी उघडावीशी वाटत नाही. तेव्हा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणारा) प्युरिफायर कामाला येतो. फक्त मोकळ्या जागी ठेवा आणि माप बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ताशी १७० घनमीटर क्षमता लागते. आवाज नको म्हणून सगळ्यात हळू स्पीडवर ठेवलात, तर खोक्यावरचा आकडा मिळणार नाही. आयोनायझरच्या (हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या यंत्राच्या) जाहिरातींना भुलू नका.

मास्क आहे, पण फटी आहेत

चष्म्यावर वाफ येतेय म्हणजे नाकापाशी गळती आहे. पट्टी दोन्ही हातांनी दाबून बसवा. कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागून दोन पट्टे जाणारा एन९५ घट्ट बसतो. पुढे व्हॉल्व्ह असेल तर तुमचा बराचसा श्वास न गाळताच बाहेर जातो, म्हणजे खोकला तुम्हाला असेल तर तो मास्क इतरांच्या फारसा कामाचा नाही. दिवसभर लावायची गरज नाही. एसी लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, दवाखान्यात लावा. मरीन ड्राइव्हवर फिरताना काढलात तरी चालेल. बरेच जण नेमकं उलट करतात.

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत आतच बसणं

आपल्याकडे डॉक्टरांची वेटिंग रूम म्हणजे एक बाकडं, एक बंद काचेचं दार आणि सात-आठ खोकणारी माणसं. नाव लिहून कंपाउंडरला सांगा, ‘मी बाहेर पायरीवर आहे, नंबर आला की हाक मारा.’ लहान मूल किंवा म्हातारं माणूस सोबत असेल तर हे नक्कीच करा. कंपाउंडर एकदा कुरकुरतो, मग त्यालाही आतली गर्दी कमी झालेली बरीच वाटते.